टाचेमागचा स्नायूबंध तुटतो तेव्हा

संपादक महोदय,

आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम टर्फवर क्रिकेट खेळणारे तिशी-चाळिशीतले लोक आता गल्लोगल्ली दिसतात. टाचेमागचा जाड स्नायूबंध, अकिलीस टेंडन, बहुधा याच वयात तुटतो, पुरुषांत जास्त. डेन्मार्कमध्ये २०१३ साली दर लाख लोकांमागे सुमारे ३१ जणांना ही दुखापत झाल्याची नोंद आहे.

आमच्या शेजाऱ्यांना बॅडमिंटन खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटले. वळून पाहिले तर कुणीच नव्हते. दुखणे ओसरले, लंगडत का होईना चालता येत होते, म्हणून लचक समजून तेल चोळत राहिले. निदानाला महिना उलटला. खरे तर तपासणी किती सोपी! पालथे झोपवून पोटरी दाबायची; पाऊल हलले नाही तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनीही हा धोका वाढतो, विशेषतः साठीपुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच यावर ठळक इशारा बंधनकारक केला. आपल्याकडे मात्र जुलाब लागले की या गोळ्या चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. दुकानदारांनी हे थांबवावे, आणि ‘टाच दुखली तर गोळी बंद करून लगेच या’ एवढे तरी डॉक्टरांनी रुग्णाला सांगावे.

– एक वाचक, ठाणे