स्कारबरोचा निकाल मालकीचा नव्हता

संपादक महोदय,

दक्षिण चीन समुद्रातील स्कारबरो प्रवाळभित्ती २०१६ च्या निकालाने फिलिपिन्सला मिळाली, असे अनेकदा छापून येते. ते चूक आहे. १२ जुलै २०१६ रोजी, फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या खटल्यात, आंतरराष्ट्रीय लवादाने भित्तीची मालकी ठरवलीच नाही. तो विषय त्याच्या अधिकारकक्षेबाहेरचा होता.

हिशेब असा आहे. भरतीतही पाण्यावर राहणाऱ्या खडकाला १२ सागरी मैलांचा (सुमारे २२ किमी) प्रादेशिक समुद्र मिळतो. पण तिथे मनुष्यवस्ती किंवा स्वतंत्र अर्थव्यवहार टिकणार नसेल, तर २०० मैलांचे आर्थिक क्षेत्र (जिथल्या मासे-खनिजांवर त्या देशाचा हक्क असतो) मिळत नाही. याच समुद्रातल्या मिस्चीफ रीफसारखी फक्त ओहोटीत उघडी पडणारी जागा असेल तर १२ मैलही नाहीत, मग तिच्यावर भराव घालून धावपट्टी का बांधेनात. स्कारबरो पहिल्या प्रकारात मोडते. म्हणजे खडक कोणाचाही ठरो, त्याच्या १२ मैलांपलीकडचे आर्थिक हक्क फिलिपिन्सचेच, कारण फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाचा किनारा तिथून सुमारे २२० किमीवर, म्हणजे २०० मैलांच्या (सुमारे ३७० किमी) आत आहे.

भित्तीच्या आतले पाणी पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमारांचा वादळातला आसरा आहे. तिथे पारंपरिक मासेमारीचा हक्क फिलिपिनो आणि चिनी, दोघांनाही आहे, असे लवादाने स्पष्ट म्हटले. २०१२ पासून चीनच्या सरकारी नौका फिलिपिनो बोटींना अडवतात, हा अन्याय आहे. त्यातच चिनी बोटींनी महाकाय शिंपल्यांसाठी या समुद्रातले प्रवाळ उकरून काढले. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने स्कारबरोवरच सुमारे ३,५०० हेक्टरांचे निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर केले. पुढच्या बातम्यांत नकाशाबरोबर मच्छीमारांचा हा हक्कही छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक