भंगाराच्या यादीवर सही करण्याआधी

मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. आसपासच्या शाळांमधली मशिनं बंद पडली की सर लोक मलाच फोन करतात. गेल्या महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेतून फोन आला. "दादा, दहा मशिनांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायचाय. दुरुस्त होण्यासारखी नाहीत, एवढं लिहून द्या."

मी गेलो, एकेक डबा उघडला. त्या शाळेसमोरून दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जातात. प्रोसेसरच्या पंख्यांवर धूळ आणि कापसाच्या तंतूंची बोटभर जाड गादी बसली होती. ब्लोअर मारला, रॅम काढून पुसली, पुन्हा बसवली. दहापैकी आठ मशिनं सुरू झाली.

मग ती भंगारात का निघाली होती? कारण विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 या जुन्या प्रोसेसरांना स्वीकारत नाही, त्याला टीपीएम 2.0 नावाची चिपही लागते. म्हणजे मशिन धडधाकट आहे, पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या लेखी ते संपलं. साहेब, राज्यभरातल्या शाळांमधून असे प्रस्ताव आपल्याकडे येणार आहेत, आलेही असतील. त्यावर सह्या होण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्यावं, म्हणून हे पत्र.

मुख्याध्यापकांना विचारून मी एका मशिनवर लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, थोडी रॅम वाढवली. खर्च अडीच हजारांच्या आत. नवं मशिन घ्यायचं तर 35 हजारांच्या पुढे जातं. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "फुकट आहे म्हणजे दर्जा कमी असेल ना?" मी त्यांना सरकीची आठवण दिली. आपल्या आज्यांच्या काळात देशी कापसाची सरकी घरात राखून ठेवत, शेजाऱ्यालाही देत. आता संकरित बियाण्याचं पाकीट दर हंगामाला विकत आणावं लागतं. घरातली सरकी कमी प्रतीची नव्हती, ती आपल्या हातात होती एवढंच. मुक्त सॉफ्टवेअर तसं आहे. ते वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिथेच सातवीतली एक मुलगी मराठी कीबोर्डवर टाईप करायला बसली. तिनं आमच्या अहिराणीत लिहिलं, "मन्ही माय", म्हणजे माझी आई. पहिल्या शब्दाखाली लाल रेघ आली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, चुकलं का?"

या प्रश्नानं मला रात्रभर झोप लागली नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मशिनला तिची भाषा येत नव्हती. 2011 च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे 18 लाखांवर आहेत, त्यात बहुतेक अहिराणीचे. एवढ्या लोकांसाठी कुठली कंपनी आपण होऊन अहिराणी शब्दतपासणी तयार करील, असं मला वाटत नाही. पण लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमधली शब्दांची यादी ही साधी मजकुराची फाईल असते. ती उघडता येते, तिच्यात भर घालता येते. आमच्या शाळांतल्या शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून ती तयार केली, तर नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत प्रत्येक शाळेला ती फुकट देता येईल. त्या दिवशी मी मुलीसमोर "मन्ही" हा शब्द यादीत घातला. रेघ गेली. तिनं लगेच आणखी चार शब्द लिहून बघितले.

दुसरी गोष्ट एका ग्रामपंचायतीची. तिथले जुने ठराव कॉम्प्युटरवर टाईप केलेले होते, पण त्या वेळच्या एका खासगी मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट चालायला मशिनच्या मागे डोंगल, म्हणजे परवाना तपासणारी छोटी डबी, लावावं लागायचं. डोंगल हरवलं, ऑपरेटर नोकरी सोडून सुरतेला गेला, आणि फाईल उघडली की ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. गावठाणातल्या एका जागेचा वाद चालू होता आणि त्याचा ठराव त्याच काल्यात होता. मी तीन दिवस बसून अक्षराला अक्षर लावून तो कुठल्याही मशिनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणला. सार्वजनिक कागद कोणाच्या कुलपात राहू नये, हे मी तिथे शिकलो.

आणि कुलूप फक्त खेड्यातच लागतं असं नाही. जुलै 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनं युरोपीय निर्बंधांमुळे नायरा एनर्जीच्या ई-मेलसह काही सेवा अचानक थांबवल्या. पैसे भरलेले असूनही त्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा सेवा परत आल्या. एवढ्या मोठ्या तेल कंपनीची ही गत, तर जिल्हा परिषदेच्या शाळेचं काय?

मी नवीन काही मागत नाही. केंद्र सरकारनं 2015 मध्येच मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलं, त्यात सरकारी कामासाठी अशा सॉफ्टवेअरला पसंती द्यावी असं स्पष्ट आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारी संस्थेनं बॉस लिनक्स नावाची लिनक्सची देशी आवृत्ती कधीच तयार केलीय. केरळच्या सरकारी शाळांमध्ये तर वर्षानुवर्षं लिनक्सच शिकवतात, दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच होते. तिथली काइट ही सरकारी संस्था उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावरून शाळांसाठी वेगळी आवृत्ती बनवते, शिक्षकांना प्रशिक्षण देते, आणि 2018 पासून शाळाशाळांत मुलांचे 'लिटल काइट्स' क्लब चालवते.

अडचणी आहेत, त्या मी लपवणार नाही. काही प्रिंटर लिनक्सवर धड चालत नाहीत, कधी दोन तास डोकं लावावं लागतं. मराठी भाषांतर जागोजागी अर्धवट आहे. "नोकरीत तर विंडोजच लागणार" असं पालक म्हणतात, आणि त्यांची काळजी खरी आहे. पण तक्ता मांडायला, अर्ज लिहायला शिकलेल्या मुलाला बटणांची जागा बदलली म्हणून अडत नाही. त्याच पालकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो.

एक कबुलीही देतो. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः क्रॅक मारलेली विंडोज टाकून दिली आहे, शाळांमध्येसुद्धा. गिऱ्हाईक तेच मागायचं आणि लायसन्सला कोणाकडे पैसे नव्हते. भिंतीवर साने गुरुजींचा फोटो आणि त्याखाली चोरीचं सॉफ्टवेअर, हे मी माझ्या हातानं केलंय. आता करत नाही, आणि कुठल्या शाळेवर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

तेव्हा विनंती अशी की जुनी मशिनं निर्लेखित करण्याआधी लिनक्स टाकून बघावं, असं एक परिपत्रक काढावं. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात एका तरी तंत्रस्नेही शिक्षकाला नीट प्रशिक्षण द्यावं, आणि त्याला निवडणुकीच्या कामातून सोडवावं. शिक्षण विभाग जे सॉफ्टवेअर आपल्या पैशानं बनवून घेतो, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवावा. चोपडा तालुक्यापुरतं काम मी मजुरी न घेता करायला तयार आहे.

ती आठ मशिनं अजून शाळेतच आहेत. सरांनी प्रस्ताव माझ्या शब्दावर थांबवलाय. उद्या लेखापरीक्षणात "ही का ठेवली, यावर हे काय टाकलं" असं कोणी विचारलं, तर दाखवायला त्यांच्या हातात एकही कागद नाही. तो कागद आपल्या कार्यालयातून यावा.

आपला नम्र,
चोपडा तालुक्यातला एक कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा