काळ्या छत्रीतला चेहरा

प्रिय अनंता,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नाही, रागामुळे. ‘फोटो गढूळ आलेत, धड आतलं दिसत नाही न धड बाहेरचं’ हे तुझं वाक्य झोंबलं. झोंबलं अशासाठी, की बारापैकी नऊ फोटोंच्या बाबतीत ते खरं होतं. उरलेल्या तिघांसाठी भांडायला हे पत्र लिहितोय. लांबणार आहे, सवडीने वाच.

मी कशासमोर उभा असतो ते तुला नीट सांगितलंच नव्हतं. जुन्या वस्तूंच्या दुकानाची एक शोकेस आहे. काच जमिनीपासून छतापर्यंत, समोर रुंद रस्ता. आत एका बाईचं प्लास्टरचं डोकं, खऱ्या माणसाएवढं, नाकाचा शेंडा उडालेला. तिच्यामागे काशाची एक नर्तकी आणि एकमेकांकडे पाठ केलेले दोन घोडे. शेजारी कपड्यांचं दुकान, तिथले पुतळे बिनडोक्याचे. तुझ्याकडच्या फोटोंत जिथे डोकं आणि धड जुळल्यासारखं वाटतं, तिथे डोकं या दुकानातलं आणि धड त्या दुकानातलं आहे. दोन शोकेस कोपऱ्यावर काटकोनात आहेत, त्यामुळे एकीचं प्रतिबिंब दुसरीत पडतं. हा चमत्कार मी घडवलेला नाही, सुतारानं घडवलाय.

पहिले काही महिने मी तुझ्याच बाजूचा होतो. प्रतिबिंब म्हणजे घाण, ती काढायची. लेन्सला रबरी हूड लावून काचेला चिकटवून पाहिला. प्रतिबिंब गेलं, पण काचेला नाक लावून बघणाऱ्या पोरासारखी अवस्था झाली. जागा बदलता येईना, डोकं जेवढं दिसेल तेवढंच घ्यायचं. मग पोलरायझर आणला, लेन्सवर बसवायची, प्रतिबिंब मंदावणारी फिरती चकती. त्याची एक गोष्ट तुला आवडेल. १८०८ साली पॅरिसमध्ये मालूस नावाचा एक इंजिनिअर कॅल्साइटचा स्फटिक डोळ्याला लावून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे बघत होता. तावदानांवर मावळतीचं ऊन चमकत होतं. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, आणि स्फटिक फिरवला तशी त्यांतली एक मंदावली. परावर्तित प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेला झुकतात, हे माणसाला कळलं ते असं, खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबातून. म्हणजे माझ्या लेन्सवरची ती फिरती चकती आपल्या माहेरीच आली म्हणायची.

पण चकतीच्या अटी फार. काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशांचा कोन असेल तर प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं. समोरासमोर उभं राहिलास तर कितीही फिरव, ढिम्म. कोन साधावा तर बाईचा फक्त कान दिसतो. रुंद लेन्स लावली तर काचेचा एक पट्टा स्वच्छ आणि दोन्ही बाजूंना रस्ता पुन्हा हजर. शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड चकती खाते तो वेगळाच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). त्या नऊ फोटोंतले सहा या झटापटीतले आहेत. ते फाडलेस तरी चालेल.

मग एका दुपारी भुरभुर पाऊस आला म्हणून मी छत्री उघडली. काळी, जुनाट, मोठी. काचेत छत्रीचं प्रतिबिंब पडलं आणि त्या काळ्या गोलात बाईचा चेहरा उमटला. गालाचा उतार, पापणीची कड, नाकाची खपली, सगळं. छत्रीच्या बाहेर तिचे केस, खांदा काही नाही. तिथे फक्त पांढरं आकाश आणि समोरच्या इमारतीच्या गच्च्या. छत्री डावीकडे नेली तर चेहरा पुसला गेला आणि घोड्याचं पुट्ठं बाहेर आलं. अनंता, मी भर पावसात दहा मिनिटं छत्री इकडून तिकडे नेत उभा होतो. येणारेजाणारे काय म्हणाले असतील ते सोड.

घरी येऊन गणित मांडलं. इतकं सोपं आहे की आधी का सुचलं नाही याची लाज वाटली. साध्या काचेवर समोरून पडलेल्या उजेडापैकी एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परत येतो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणजे जवळपास ८ टक्के. उरलेला ९२ टक्के आरपार. आतल्या मूर्तीचा ९२ टक्के उजेड तुझ्यापर्यंत येतो आणि बाहेरच्या रस्त्याचा फक्त ८. तरी रस्ता जिंकतो, कारण तो मुळातच कितीतरी उजळ असतो. मूर्तीपेक्षा साधारण साडेअकरा पट उजळ असला की दोघं बरोबरीत येतात. आपल्या भाषेत साडेतीन स्टॉप. हल्ली मी आधी मूर्तीचं रीडिंग घेतो, मग मागे वळून रस्त्याचं. फरक पाच स्टॉपचा असेल तर मूर्ती विसरायची, दोनाचा असेल तर रस्ता विसरायचा. तीन ते चारच्या मध्ये असेल तर तिथेच थांबून फोटो काढायचा.

पण ही झाली सरासरी. खरी मौज अशी, की रस्ता काही सगळीकडे सारखा उजळ नसतो. आकाश पांढरं, भिंत करडी, बोळाचं तोंड काळं. प्रतिबिंबात जिथे जिथे काळं, तिथे तिथे काचेला भोक पडतं आणि आतलं दिसतं. माझे ते तीन फोटो पुन्हा काढून बघ. एकात नर्तकीचं शरीर फक्त एका झाडाच्या बुंध्याएवढ्या रुंदीत आहे. तू लिहिलंस की ती ‘अर्धवट कापली गेलीय’. तिला झाडानं कापलेली नाही रे, झाडामुळेच ती आहे. दुसऱ्यात जाणाऱ्या बसच्या सावलीतल्या बाजूत दोन्ही घोडे आलेत. बस पुढे गेली आणि घोडेही गेले. तिसऱ्यात चेहऱ्याभोवती जो ढगळ काळा आकार आहे तो मी.

हे सगळ्यांत उशिरा लक्षात आलं. कॅमेरा डोळ्याला लावून काचेसमोर उभं राहिलं की आपण स्वतः त्या जागेतली सर्वांत जवळची काळी वस्तू असतो. मी आजवर स्वतःला चौकटीबाहेर काढायला धडपडत होतो, वाकत होतो, बाजूला सरत होतो, आणि सरलो की मूर्ती फिकी पडत होती. आता गडद कोट घालून जातो आणि मुद्दाम मधोमध उभा राहतो. ज्यांनी आयुष्यभर काचांतून आपलीच आकृती टिपली, त्या ली फ्रीडलँडर या अमेरिकन फोटोग्राफरसारख्यांना मी आजवर थोडे आत्मप्रेमी समजत होतो. आता मनातल्या मनात माफी मागितली आहे.

फोकसचं एक सांगतो, कारण तू विचारलं होतंस की दोन्ही धूसर का. काचेतलं प्रतिबिंब काचेवर नसतं. मी काचेपासून एक मीटरवर आणि माझ्यामागचं झाड काचेपासून आठ मीटरवर असेल, तर लेन्सच्या हिशेबाने झाड नऊ मीटरवर आहे. बाई काचेच्या आत हातभर. ऑटोफोकस या दोघांत बावचळतो आणि कधी कधी काचेवरच्या बोटांच्या ठशांवर जाऊन बसतो. मी हाताने फोकस करतो. बाईवर नेमका, लेन्सचं छिद्र बारीक, म्हणजे अकराच्या आसपास अ‍ॅपर्चर, आणि झाड जेवढं येईल तेवढं येऊ देतो. दोन्ही कडक आले तर कोण आत आणि कोण बाहेर हेच कळत नाही. एक जरा मऊ हवाच. इथे तुझं माझं पटणार नाही, माहीत आहे.

दुहेरी काचांच्या दुकानांच्या वाटेला जात नाही. चार पृष्ठभाग, प्रत्येक कड दोनदा. डोकं दुखतं.

तू अत्झेचा, त्या जुन्या फ्रेंच फोटोग्राफरचा, दाखला दिलास, की बघ, त्याचे फोटो कसे स्वच्छ. अरे, पुन्हा बघ! १९२५ च्या सुमाराला पॅरिसच्या गोबलँ रस्त्यावर काढलेल्या त्याच्या शोकेसमध्ये हसरे पुतळे सुटाबुटात उभे आहेत आणि त्यांच्या अंगावरून समोरच्या इमारती आणि झाडं चढलीत. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा, तिकाटणं घेऊन हिंडणारा म्हातारा. प्रतिबिंब टाळायचंच असतं तर त्याला टाळता आलं नसतं असं वाटतं तुला? तो स्वतः म्हणायचा की ही नुसती कागदपत्रं आहेत, चित्रकारांच्या उपयोगाची. असेना. काचेच्या प्लेटवर काच टिपणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

त्याच्याही कितीतरी आधीचा टॅल्बट, इंग्लंडमधला, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक. फोटोग्राफी नुकती जन्मलेली, एक्स्पोजरला मिनिटं लागायची, तेव्हा त्याने प्लास्टरचा एक अर्धपुतळा पुन्हापुन्हा टिपला, कारण तो पांढरा होता आणि हलत नव्हता. त्याने लिहून ठेवलंय की कडक उन्हात सावल्या फार गडद पडतात, तेव्हा पुतळ्याच्या एका बाजूला थोड्या अंतरावर पांढरं कापड धरावं. वाचलं तेव्हा हसू आलं. तो पांढऱ्या प्लास्टरपाशी पांढरं कापड धरतोय आणि पावणेदोनशे वर्षांनी मी काळी छत्री. पाऊस नसताना छत्री उघडून उभा राहणारा माणूस म्हणून माझी आता त्या रस्त्यावर ख्याती आहे.

त्यातूनच परवाचा प्रसंग घडला. दुकानाचे मालक बाहेर आले. इतके दिवस आतून बघत असणार. ‘काही मोजमाप चाललंय का?’ मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, निरखलं आणि म्हणाले, ‘यात तुम्हीच आहात की.’ मी बाईचा चेहरा बोटाने दाखवला. ‘हो हो, ती पण आहे,’ म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत दुकानात गेले. फडकं घेऊन काच पुसली. शोकेसमधला दिवा लावला. शेवटी दोन्ही हातांनी ते डोकं उचलून माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि मला खूण केली, घ्या आता.

काय करणार? घेतला. आतला दिवा लागल्याबरोबर रस्ता, झाड, छत्री, मी, सगळे गेले. प्लास्टरचा कण न् कण दिसतोय. फोटो उत्तम आहे, ज्याने ते डोकं घडवलं त्याला नक्की आवडला असता, आणि मला त्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोबत पाठवतोय, खास तुझ्यासाठी. दुसरा छत्रीतला आहे, तोही त्याच पाकिटात, मध्ये कागद घालून. कोणता आधी बाहेर काढलास ते खरं खरं कळव.

आता अडचण अशी झालीय की मालकांनी दिवा बंद केला, पण डोकं पुन्हा वळवलं नाही. आधी ती डावीकडे, रस्त्याच्या वळणाकडे बघायची. छत्री धरली की आपल्याच नादात असलेलं कुणीतरी अंधारात दिसायचं. आता छत्री धरली की ती थेट माझ्या लेन्समध्ये बघते. काल दोनदा जाऊन आलो, एकही फोटो न काढता. तिला परत होती तशी ठेवा, हे त्यांना सांगायचा धीर अजून होत नाही. त्यांनी इतक्या प्रेमाने वळवली आहे.

तुझा,
श्रीधर