घरच्या संगणकाला आणखी एक अँटिव्हायरस नको, वेगळी खाती हवीत

संपादक महोदय,

घरातला सामायिक संगणक मंदावला, ब्राउझर उघडताच भलतेच शोधपान दिसू लागले, की बहुतेक घरांत आणखी एक अँटिव्हायरस टाकला जातो. मूळ दुखणे मात्र खात्यात असते. विंडोज बसवताना तयार होणारे पहिले खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सर्व बदल करण्याचा अधिकार असलेले, असते आणि घरातले सगळे तेच वापरतात. परवानगी मागणाऱ्या खिडकीत कुणीही 'येस' दाबले, की आलेला प्रोग्रॅम साऱ्या संगणकात हवे ते बदल करू शकतो.

म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नवे खाते पासवर्डसह तयार करावे, त्यातून एकदा लॉगिन करून पाहावे आणि मगच रोजचे खाते सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे जाऊन 'स्टँडर्ड', म्हणजे मर्यादित अधिकारांचे, करावे. घरातल्या प्रत्येकाला वेगळे स्टँडर्ड खाते द्यावे, संगणकातल्या जाणकारालाही. आता नुसते 'येस' चालत नाही, पासवर्ड लागतो. तो कोरा ठेवला किंवा मॉनिटरवर चिकटवला, तर मुसळ केरात.

एवढ्याने सगळे भागत नाही. काही प्रोग्रॅम त्या-त्या खात्याच्या फोल्डरातच बसतात, आणि ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, म्हणजे एक्स्टेन्शनला, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतच नाही. किमती ताडून दाखवणारे एखादे एक्स्टेन्शन 'सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे व बदलणे' ही परवानगी मागते. ती दिली की बँकेच्या पानावर काय टाइप होते तेही त्याला दिसू शकते. ज्याचे काम आठवत नाही, ते काढून टाकावे.

उजव्या कोपऱ्यात 'पाच व्हायरस सापडले' असे इशारे येत राहतात, पण स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही. कारण बऱ्याचदा काही बसलेलेच नसते. 'रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणणाऱ्या पानावर कुणीतरी 'अलाउ' दाबून त्या साइटला सूचना पाठवण्याची परवानगी दिलेली असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथून ती साइट काढली की इशारे थांबतात. त्या इशाऱ्यावर क्लिक मात्र करू नये, खरा घात तिथेच होतो.

फुकट प्रोग्रॅमसोबत येणारा कचरा अडवायला विंडोज सिक्युरिटीत, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलखालच्या रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनमध्ये, नको असलेली अ‍ॅप रोखण्याचे बटण चालू करावे. इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडून जादा खुणा काढाव्यात.

हेरगिरीचा संशय असेल तर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावावा. संगणक रीस्टार्ट होऊन सुमारे 15 मिनिटे तपासणी चालते. विंडोज सुरू असताना लपून बसणारे प्रोग्रॅम त्यात सापडण्याची शक्यता जास्त. तोवर त्या संगणकावर पासवर्ड टाइप करू नयेत. ते दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदलावेत, आणि सर्वांत आधी ईमेलचा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात.

– एक संगणक तंत्रज्ञ