‘रूनी रूल’ म्हणजे आरक्षण नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेने आता फुटबॉलमध्येही आरक्षण आणले, मग गुणवत्तेचे काय, असा सवाल एका पत्रलेखकांनी गेल्या आठवड्यात याच सदरात केला होता. रोख एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलच्या तिथल्या व्यावसायिक लीगच्या, ‘रूनी रूल’वर होता. मुलीकडे पिट्सबर्गला दोनदा राहून आल्यापासून (सामन्याच्या दिवशी तिथे शेजारपाजारचे आजी-आजोबासुद्धा पिवळा टॉवेल फिरवतात) या खेळाची थोडी गोडी मलाही लागली आहे, म्हणून हे पत्र.

या नियमात एकही जागा राखीव नाही. मुख्य प्रशिक्षक नेमताना निदान एका अल्पसंख्याक वंशाच्या उमेदवाराची मुलाखत घ्या, एवढेच २००३ मध्ये ठरले. पुढे संघाबाहेरच्या अशा दोघांची घ्या असे झाले. नेमायचे कोणाला, हे आजही मालकाच्या मर्जीवर आहे.

आणि गुणवत्तेचे म्हणाल, तर ती डावलली जात होती म्हणूनच नियम आला. टोनी डंगी या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांनी टँपा बे संघाला सलग तीन वर्षे प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) नेले आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांच्या हातात नारळ पडला. त्याच महिन्यात मिनेसोटाच्या डेनिस ग्रीन या दुसऱ्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना दहा वर्षांतला पहिला पडता हंगाम पुरता संपायच्या आतच घरी बसवले. जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या वकिलांनी आकडेवारी पुढे ठेवून कोर्टाची भाषा केली, तेव्हा कुठे लीग हलली. डंगी यांनी पुढे, २००७ मध्ये, इंडियानापोलिसला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. समोरच्या शिकागोचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ हेही कृष्णवर्णीयच.

माझी तक्रार वेगळीच आहे. पहिल्याच वर्षी डेट्रॉइटने अशी एकही मुलाखत न घेता स्टीव्ह मारिउची यांना परस्पर नेमले. संघाचे म्हणणे, आम्ही पाच जणांना बोलावले होते, पण निकाल ठरलेला आहे हे कळल्याने कोणी आले नाही. लीगने संघाच्या अध्यक्षांना दोन लाख डॉलर दंड केला. त्यातून इतर संघ काय शिकले असतील? मुलाखत उरकून घ्यायला!

उरकलेली मुलाखत कशी असते ते मी पाहिले आहे. १९८८ साली एका महाविद्यालयात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी रात्रभर एसटीने गेलो होतो. बाहेरच्या बाकावर चहा देताना शिपाई हळूच म्हणाला, ‘‘सर, ज्यांना घ्यायचंय ते कालच टाइमटेबल घेऊन गेले.’’ आत मला दोन प्रश्न विचारले. त्यातला एक, गाडी वेळेवर होती का, हा होता.

ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या बाबतीत शिपायाचे काम मोबाइलने केले. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सची मुलाखत तीन दिवसांवर असताना त्यांचे जुने वरिष्ठ बिल बेलिचिक यांचा अभिनंदनाचा मेसेज आला. तो होता ब्रायन डेबॉल यांच्यासाठी, नावातल्या सारखेपणाने चुकून फ्लोरेसना गेला. नेमणूक डेबॉल यांचीच झाली. फ्लोरेसनी लीगविरुद्ध दावा ठोकला. निर्णय आधी झाला नव्हता, असे जायंट्स म्हणतात. दावा ठोकला त्या दिवशी लीगच्या बत्तीस संघांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक एकच उरले होते, पिट्सबर्गचे माइक टॉमलिन. मैदानावरचे अर्ध्याहून अधिक खेळाडू मात्र कृष्णवर्णीय.

बरे, नेमणूक झाली तरी टिकू किती देतात? ॲरिझोनाने स्टीव्ह विल्क्स यांना एका हंगामात काढले. ह्यूस्टनने डेव्हिड कली आणि त्यांच्यामागून लव्ही स्मिथ यांना तसेच. गोऱ्या प्रशिक्षकांनाही वर्षभरात डच्चू मिळालेला आहे, हे मान्य. ह्यूस्टनने तिसऱ्या खेपेला डेमिको रायन्स यांना आणले आणि संघ पहिल्याच हंगामात प्लेऑफमध्ये गेला, हेही सांगायला हवे.

फ्लोरेस यांच्या दाव्यातली एक मागणी मला पटते: कोणाला का घेतले आणि का काढले, याची कारणे संघांनी लेखी द्यावीत. पत्रलेखकांचा याला तरी विरोध नसावा. मला त्या महाविद्यालयाचे नकाराचे पत्रसुद्धा आजतागायत आलेले नाही.

— एक निवृत्त प्राध्यापक, सांगली