बाबा, ती गोळी पुन्हा सुरू करा

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, रोसुवास्टॅटिन, म्हणजे तुमची कोलेस्टेरॉलची गोळी, तुम्ही स्वतःच बंद केल्याचं आईकडून कळलं. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही लगेच आईकडे फोन देता, म्हणून लिहितेय. "अँजिओग्राफीत फक्त 40 टक्के ब्लॉकेज निघालं, कोलेस्टेरॉलही नॉर्मल आलं, मग गोळ्या कशाला," हे तुमचं म्हणणं कमाटी बागेतल्या मंडळींना पटलं असेल. मला पटत नाही, आणि रोज कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात तिथे, उभी राहणारी तुमची मुलगी म्हणून ते का पटत नाही हे तुम्ही ऐकून घ्यायलाच हवं.

अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, सोडतात. तो जिथून वाहतो ती मोकळी वाट एक्स-रेवर दिसते. रक्तवाहिनीची भिंत दिसत नाही, आणि कोलेस्टेरॉल साठतं ते भिंतीतच. शिकागोच्या सीमोर ग्लॅगोव्ह यांनी 1987 मध्ये दाखवलं की साठा वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या अंगाला फुगते. आतली वाट बराच काळ होती तेवढीच राहते. साठ्यानं साधारण 40 टक्के जागा व्यापली की मग कुठे ती अरुंद होऊ लागते. हे 40 भिंतीतल्या साठ्याचे, तुमच्या रिपोर्टातले 40 वाटेचे. तुमची वाट अरुंद झाली आहे, म्हणजे भिंतीत आधीच बरंच काही जमलंय.

परवा तुमच्याच वयाचे एक पेशंट होते. मनगटातून आत नेलेल्या बारीक कॅथेटरच्या टोकाला सोनोग्राफी आणि इन्फ्रारेड, दोन्ही सोय असते. कॅथेटर हळूहळू मागे ओढला जातो, भिंतीवरून परतणारा प्रकाश यंत्र तपासतं आणि कोलेस्टेरॉल कुठे आहे ते ओळखतं. स्क्रीनवर लाल पट्टा उमटत जातो. लाल म्हणजे तिथे चरबी सापडली नाही. त्यांचा पट्टा बराच वेळ लाल होता, मग मध्येच गडद पिवळा डाग आला. अँजिओग्राफीच्या फिल्मवर त्या जागी डोळ्यांत भरण्यासारखं काहीच नव्हतं. चार मिलिमीटरच्या तुकड्यात किती पिवळं आहे यावरून 0 ते 1000 असा आकडा निघतो. 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, ज्या भागात हा आकडा 400 च्या वर होता, तिथेच पुढच्या दोन वर्षांत त्रास होण्याचा धोका तिपटीहून जास्त निघाला.

या चरबीवर एक पातळ आवरण असतं, दुधावरच्या सायीसारखं. ओसीटी या प्रकाशाच्या तपासणीत त्याची जाडी मोजता येते. 65 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असेल तर डॉक्टर सावध होतात, कारण ते फाटलं की रक्त आतल्या चरबीला भिडतं, गुठळी धरते आणि वाट क्षणात बंद होऊ शकते. आदल्या दिवसापर्यंत छातीत साधी कळही न आलेली माणसं अटॅक घेऊन आमच्याकडे येतात, ती बऱ्याचदा यामुळे.

आता तुमच्या गोळीबद्दल. 2022 मध्ये 'पॅकमन-एएमआय' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. अटॅक येऊन गेलेल्या 300 जणांच्या धमन्या सुरुवातीला आणि वर्षभरानं याच यंत्रांनी आतून पाहिल्या. सगळ्यांना रोसुवास्टॅटिन होतं, निम्म्यांना वर कोलेस्टेरॉल कमी करणारं एक इंजेक्शन. इंजेक्शनवाल्यांचा फायदा मोठा होता, पण नुसत्या गोळीवाल्यांचंही आवरण सरासरी 33 मायक्रॉननी जाड झालं. बाबा, गोळी भिंतीवर काम करते ते हे असं. तुमचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं ते गोळी चालू होती म्हणून!

"मग माझीही तपासणी कर" असं म्हणाल, तर ती तुम्हाला नको. ती बहुतेक वेळा अँजिओप्लास्टीच्या वेळीच करतात, आणि पिवळा डाग निघाला तरी पहिला उपाय हीच गोळी. पुढे कधी सीटी केलं आणि कॅल्शियम वाढलेलं दिसलं, तरी घाबरू नका. या गोळ्यांवर मऊ साठा घट्ट होतो, तेव्हा कॅल्शियम थोडं वाढू शकतं.

पिंडऱ्या दुखतात म्हणून बंद केली असेल, तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस बदलता येतो, दुसरी गोळी जोडता येते. लारीवरची सेव-उसळ कधीतरी खाल्लीत तर मी काही म्हणणार नाही, गोळी मात्र चुकवू नका.

आई, तू मागे ओझरतं म्हणालीस की खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन जिना चढताना धाप लागते आणि जबडा भरून येतो. ते वयावर ढकलू नकोस. बायकांना छातीत न दुखता असाही त्रास होतो. याच आठवड्यात बाबांबरोबर तूही जा, ईसीजी आणि इको करून घे, आणि बसल्या जागी असं झालं तर कुणाची वाट न बघता 108 ला फोन कर.

डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवते, बाबांचे जुने रिपोर्ट आणि अँजिओग्राफीची सीडी तेवढी कपाटातून काढून ठेव.

तुमची,
चिमी