रोव्हर्स चषक पुन्हा खेळवावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ड्युरँड चषक या फुटबॉल स्पर्धेचे सामने सुरू झाले की मुंबईतील जुन्या फुटबॉलप्रेमींना रोव्हर्स चषकाची आठवण होते आणि ती स्पर्धा आपल्या शहराने का गमावली, हा प्रश्न दरवर्षी नव्याने बोचतो. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली ही बाद पद्धतीची स्पर्धा २०००-०१ नंतर झालेलीच नाही. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही राज्याची फुटबॉल संघटना आणि राज्य शासन यांनी ती पुन्हा सुरू करावी, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

प्रारंभी गोऱ्या पलटणींच्या ताब्यात असलेला हा चषक १९३७ साली बंगळुरू मुस्लिम्स या संघाने जिंकला आणि भारतीय खेळाडूंना तो प्रथमच मिळाला. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो आपल्याकडे राखला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदक विजेता ठरला, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईतील कुपरेज मैदानावरच्या त्या सामन्यांचा दर्जा कळतो. १९५८ साली मुंबईच्याच कॅल्टेक्स संघाने हा चषक जिंकला होता; कंपन्यांचे संघ हा तेव्हा या शहराच्या फुटबॉलचा कणा होता. ते संघ एकामागून एक बंद झाले. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघही २०१० मध्ये थांबला.

खंडित स्पर्धा पुन्हा उभी राहू शकत नाही, असे कोणी म्हणू नये. ड्युरँड चषकही २०१६ नंतर दोन वर्षे झाला नव्हता. २०१९ मध्ये तो कोलकात्यात पुन्हा खेळवला गेला आणि गोकुलम केरळ या अवघ्या दोन वर्षांच्या क्लबने मोहन बागानला हरवून तो जिंकला. २०२५ मध्ये तर २०२२ साली स्थापन झालेल्या डायमंड हार्बरने उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालला घरी पाठवले. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडकडून त्यांना १-६ असा मोठा पराभव पत्करावा लागला, हे खरे. पण साखळी स्पर्धेत ज्या मोठ्या संघांशी गाठ पडण्यासाठीच कित्येक वर्षे वर चढत यावे लागते, त्यांच्यासमोर नव्या क्लबला एकाच हंगामात उभे करण्याचे सामर्थ्य बाद पद्धतीतच असते.

आपल्याकडे असे क्लब आहेत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने पाहायला पेठाच्या पेठा लोटतात, टायब्रेकरपर्यंत कोणी जागचे हलत नाही. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मात्र या संघांची गाठ इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल साखळी स्पर्धेत खेळणाऱ्या मुंबई सिटी किंवा एफसी गोवा यांच्याशी पडेल, अशी राज्यस्तरावरची स्पर्धा आज नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंग्लंडच्या एफए चषकात प्रीमियर लीगचे संघ तिसऱ्या फेरीपासून उतरतात आणि त्याआधीच्या फेऱ्या खालच्या स्तरांवरील क्लब खेळतात. रोव्हर्स चषकासाठीही हीच रचना योग्य ठरेल. पहिल्या फेऱ्या महाराष्ट्रातील जिल्हा विजेत्या क्लबांमध्ये त्या त्या जिल्ह्यातच व्हाव्यात, म्हणजे प्रवासखर्चाचा बोजा कमी होईल; गोव्याचे आणि इंडियन सुपर लीगमधील निमंत्रित संघ नंतर यावेत, आणि अंतिम सामना मात्र कुपरेजवरच व्हावा. तेथील प्रेक्षकक्षमता मर्यादित आहे, म्हणून फार तर उपांत्य सामने अंधेरीच्या क्रीडा संकुलात घेता येतील.

संघटनेने पुढील हंगामाचे वेळापत्रक ठरवण्यापूर्वी जिल्हा संघटनांची बैठक बोलावून या प्रस्तावाबाबतचा आपला निर्णय जाहीर करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, मुंबई